वेरोना : ज्युलिएटची गॅलरी खोटी आहे हे माहीत असून गेलो, त्याची गोष्ट

ब्रेनरपार

नमस्कार मंडळी, फार दिवसांनी धागा काढतोय, टंकायचा कंटाळा हे एकमेव कारण.

आई-बाबा तीन महिन्यांसाठी म्युनिकला आलेत. इटली करायची होती, पण रोम-फ्लॉरेन्स-व्हेनिस असं एका दमात पळवायचं म्हणजे बाबांच्या गुडघ्यांची वाट. म्युनिकहून ब्रेनर घाटातून थेट रेल्वे आहे, साधारण साडेपाच तासांत वेरोना. घाटातले डोंगर बघत गाडीत बसून राहायचं, मधे डबा उघडायचा (आईने गुळपोळ्या आणल्या होत्या, ऑस्ट्रियाच्या हद्दीत संपल्या). म्हणून वेरोना. साहित्यिक वगैरे कारण काही नव्हतं, खरं सांगतो.

पण आई निवृत्त मराठीची शिक्षिका. तिने पाडगांवकरांचा रोमिओ-ज्युलिएटचा अनुवाद कधीकाळी वाचलेला, त्यामुळे तिला आधी "ते घर" बघायचं होतं. मी गाडीतच सांगून टाकलं की आई ते सगळं बनावट आहे, मग वाईट वाटून घेऊ नकोस. ती म्हणाली मला माहितीये रे, गोष्टीतली मुलगी आहे ती, तिला आधार कार्ड असणारे का. हा विषय इथेच संपला.

तर ते घर विया कापेल्लो नावाच्या गल्लीत आहे. घर खरंच जुनं, मध्ययुगातलं, आणि दाल कापेल्लो नावाच्या कुटुंबाचं. कापेल्लो म्हणजे टोपी, अंगणाच्या आतल्या कमानीवर दगडात कोरलेली टोपी अजून दिसते. कापेल्लोवरून कापुलेत (नाटकातलं ज्युलिएटचं घराणं), एवढाच धागा. चार्ल्स डिकन्स १८४४ च्या सुमारास इथे आला तेव्हा ही एक भिकार खाणावळ होती, अंगणात चिखल, मालाच्या गाड्या, पाळीव हंस आणि एक खुनशी चेहऱ्याचा कुत्रा असं त्याने लिहून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नगरपालिकेने घर विकत घेतलं आणि मग १९३० च्या दशकात आंतोनिओ आवेना नावाच्या म्युझियमवाल्या गृहस्थाने त्याला "मध्ययुगीन" करून टाकलं. टोकदार खिडक्या बसवल्या, आणि ती जगप्रसिद्ध गॅलरी पण तेव्हाच लावली, जुना कोरीव दगड वापरून. म्हणजे आपल्या बाबांच्या जन्माच्या थोडी आधीची गॅलरी. गंमत म्हणजे नाटकात बाल्कनी हा शब्दच नाही, तिथे फक्त खिडकी आहे.

अंगणात गर्दी इतकी की दादर स्टेशन आठवावं. ज्युलिएटचा कांस्य पुतळा आहे, नेरेओ कोस्तांतिनी नावाच्या शिल्पकाराने केलेला. तिच्या उजव्या छातीला हात लावला की प्रेमात नशीब उघडतं अशी कोणीतरी टूम काढली, आणि मग हात लावून लावून पुतळा इतका झिजला, तडकला, की २०१४ मध्ये मूळ पुतळा आत म्युझियममध्ये हलवला आणि बाहेर नक्कल उभी केली. त्या नकलेला पण २०२४ मध्ये भोक पडलं. आई लांबूनच म्हणाली, "मेलीला मरूनही सुख नाही." बाजूच्या एका मलयाळी बाईंना शब्द कळले नसतील पण अर्थ कळला, त्या जोरात हसल्या.

आता मुख्य गोष्ट. तिथून निघाल्यावर मला वाटलं झालं, जेवू आणि हॉटेलवर जाऊ. आणि मग पुढचे दोन दिवस आम्ही या गावात जे काय बघितलं ते सगळं खरं होतं आणि तिथे कोणीच नव्हतं. म्हणजे अगदी कोणीच नाही असं नाही, पण ज्युलिएटच्या अंगणात तीनशे माणसं आणि दहा मिनिटांवर ज्या ग्रंथालयात पंधराशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित आहे तिथे आम्ही तिघं आणि एक जर्मन जोडपं. यावर सविस्तर लिहितो, पण आधी भात लावायचाय.

---

सुपारी_फुटकी

अर्ध्यात सोडून भात लावायला जाणाऱ्यांचा निषेध. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

---

कट्ट्यावरचा

मी २०१७ ला गेलो होतो वेरोनाला, फुल पोपट झाला होता. रांगेत पाऊण तास, आत गेलं की एक पलंग आणि चार कपडे, ते पण कुठल्यातरी सिनेमाच्या शूटिंगमधले. आणि भिंतीवर लोकांनी च्युइंगमने चिकटवलेल्या चिठ्ठ्या, अक्षरशः किळस. पैसे घेऊन खोटी गॅलरी दाखवणं म्हणजे फसवणूकच की. मी तर सगळ्यांना सांगतो वेरोना टाळा, त्यापेक्षा गार्डा तलावावर एक दिवस जास्त राहा.

---

ब्रेनरपार

भात झाला. कट्ट्यावरचा, च्युइंगमवर आता बंदी आहे, दंड आहे. पलंगाबद्दल सहमत. पण वेरोना टाळा याला कडाडून असहमत, म्हणून पुढे वाचा.

पियाझ्झा देई सिन्योरी नावाचा चौक आहे, मधोमध दान्तेचा पांढरा पुतळा, हनुवटीला हात लावून विचारात पडलेला. १८६५ साली उभारला, दान्तेच्या जन्माला सहाशे वर्षं झाली म्हणून. तेव्हा वेरोना ऑस्ट्रियाच्या ताब्यात होतं, इटलीत सामील झालं पुढच्या वर्षी, त्यामुळे इटालियन भाषेच्या बापाचा पुतळा उभारणं हे साधं काम नव्हतं. आपल्याकडे परक्या सरकारच्या नाकावर टिच्चून उत्सव व्हायचे त्यातलीच गत.

दान्तेला फ्लॉरेन्सने १३०२ मध्ये हाकललं, परत आलास तर जिवंत जाळू म्हणाले. त्याला पहिला आसरा दिला तो वेरोनाच्या स्कालिजेरी घराण्याने, आधी बार्तोलोमेओ, आणि नंतर काही वर्षांनी त्याचा धाकटा भाऊ कानग्रांदे. स्काला म्हणजे शिडी, जिना. घराण्याचं चिन्हच शिडी, गावभर कोरलेली दिसते, दारांवर, थडग्यांवर, लोखंडी जाळ्यांत पण. आणि दान्तेने आपल्या महाकाव्याच्या ('डिव्हाइन कॉमेडी') शेवटच्या भागात, सतराव्या सर्गात, स्वतःच्या हद्दपारीचं भविष्य वदवून घेतलंय. त्याचा भावार्थ असा की परक्याची भाकरी किती खारट लागते आणि परक्याचे जिने चढणं-उतरणं किती अवघड असतं ते तुला कळेल. जिने म्हणताना शब्द वापरलाय स्काले. म्हणजे ज्यांचं मीठ खाल्लं त्यांचे आभार पण मानले (त्याच सर्गात त्यांची भरपूर स्तुती आहे) आणि त्यांच्याच नावात टोमणा पण ठेवला. आणि खारट भाकरीचं म्हणाल तर फ्लॉरेन्सकडे ब्रेडमध्ये मीठ घालतच नाहीत, आजही नाही. त्यामुळे ते नुसतं अलंकारिक नाहीये, त्याला खरोखर रोज जेवताना आठवण येत असणार.

मी बाबांना हे त्या चौकातल्या बाकावर बसून सांगितलं. बाबा एसटीत अकाउंट्सला होते, कवितेशी संबंध नाही. थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुला इथे येऊन अकरा वर्षं झाली ना?" मी विषय बदलला.

---

जुनाखोडसाळ

ते जिन्याचं वाक्य व्हिसावाल्यांनी फ्रेम करून लावावं घरात. मी कतारला नऊ वर्षं काढली, कंपनीच्या मेसची रोटी खरंच खारट असायची, कवी वगैरे नसल्याने मी फक्त तक्रार केली.

बाकी कट्ट्यावरचा यांना एक प्रश्न, नाशकात पंचवटीला सीतागुंफा बघायला जाता तेव्हा पुरावा मागता का? वाकून, गुडघे सोलवटून आत जाता आणि बाहेर येऊन चहा पिता. गोष्ट इतकी मोठी झाली की तिला जागा लागते, मग लोक जागा शोधून देतात.

---

कट्ट्यावरचा

श्रद्धेची जागा आणि टुरिस्ट ट्रॅप यात फरक आहे साहेब. तुलना चुकीची.

---

सुपारी_फुटकी

आता या धाग्याचं रामायण करू नका, विनंती. ब्रेनरपार, ग्रंथालयाचं लिहा.

---

मोडीवाचक

ग्रंथालयाचं मी थोडं लिहू का, धागाकर्त्यांची परवानगी गृहीत धरून? मी त्या विषयाचा माणूस आहे (जुनी कागदपत्रं), तिथे पाच वर्षांपूर्वी जाऊन आलोय आणि अजून त्या धुंदीत आहे.

बिब्लिओतेका कापितोलारे. दुओमोच्या, म्हणजे मुख्य चर्चच्या शेजारी. चर्चच्या धर्मगुरूंचं लेखनघर होतं ते, तिथे पोथ्या नकलून घ्यायचे. तिथे एक हस्तलिखित आहे ज्याच्या शेवटी नकलणाऱ्या उर्सिचिनुस नावाच्या माणसाने सही करून तारीख टाकलीये, १ ऑगस्ट ५१७. विचार करा, आपल्याकडे अजिंठ्याची शेवटची लेणी साधारण त्याच्या आसपासच्या काळातली, आणि तेव्हा हा माणूस वेरोनात बसून "लिहून पूर्ण केलं" म्हणून सही करतोय. आणि ते ग्रंथालय आजही चालू आहे, म्हणून जगातल्या चालू असलेल्या ग्रंथालयांत सगळ्यात जुनं म्हणतात त्याला.

तिथून काय काय निघालंय! पेत्रार्क हा इटालियन कवी १३४५ मध्ये वेरोनात आला आणि त्याला सिसेरो या रोमन वक्त्याने मित्राला, आत्तिकुसला, लिहिलेल्या खासगी पत्रांची पोथी सापडली. ज्याला आयुष्यभर देव मानलं तो सिसेरो पत्रांमध्ये घाबरट, कुरकुर करणारा, राजकारणात कोलांट्या मारणारा निघाला. पेत्रार्कला इतका राग आला की त्याने तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी मेलेल्या सिसेरोलाच पत्र लिहून जाब विचारला. ज्युलिएटला पत्र लिहिणारे लोक वेडे वाटत असतील तर लक्षात घ्या, मेलेल्या माणसाला वेरोनातून पत्र पाठवायची परंपरा पेत्रार्कपासून आहे :)

कातुल्लुस हा लॅटिन प्रेमकवी तर वेरोनाचाच, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. त्याच्या जवळजवळ सगळ्या कविता आज आपल्यापर्यंत आल्या त्या साधारण १३०० च्या सुमारास वेरोनात उगवलेल्या एका, फक्त एका, पोथीमुळे. ती मूळ पोथी नंतर हरवली, पण तोवर नकला झाल्या होत्या. एक उंदीर जरा जास्त भुकेला असता तर कातुल्लुस संपला असता.

आणि १८१६ मध्ये नीबुर नावाच्या जर्मन विद्वानाला तिथे एका पोथीच्या वरच्या अक्षरांखाली, खरवडलेल्या जागी, गायुस या रोमन कायदेपंडिताचं पुस्तक दिसलं. चामड्याची पानं महाग, म्हणून जुनी शाई खरवडून वर नवीन लिहायचे. वर संत जेरोमची पत्रं, खाली रोमन कायदा. आज कोणीही वकिलीचा विद्यार्थी रोमन लॉ वाचतो त्याचा मोठा भाग या खरवडीखालून आलाय.

---

शेवगा

मोडीवाचक, दंडवत घ्या. एवढी जुनी पोथ्यांची रास लढाया वगैरेत वाचली कशी?

---

मोडीवाचक

वाचली म्हणजे तीनदा मरता मरता वाचली.

१६३० च्या प्लेगमध्ये तिथला ग्रंथपाल मेला, आणि मौल्यवान पोथ्या त्याने कुठे ठेवल्यात हे कोणाला माहीतच नाही. ऐंशीएक वर्षं गायब. मग १७१२-१३ च्या दरम्यान शिपिओने माफेई नावाच्या वेरोनाच्याच विद्वानाच्या हट्टामुळे शोधाशोध झाली आणि सापडल्या कुठे, तर एका मोठ्या कपाटाच्या डोक्यावर! वरच्या पोकळीत रचलेल्या, खालून दिसत नव्हत्या. माझी आई गॅसचं पुस्तक असंच ठेवायची. नंतर १७९७ मध्ये नेपोलियनचे लोक काही पोथ्या पॅरिसला घेऊन गेले, सगळ्या परत आल्या नाहीत. आणि ४ जानेवारी १९४५ ला बॉम्ब पडून ग्रंथालयाची मोठी खोली भुईसपाट झाली, पण पोथ्या आधीच हलवून ठेवलेल्या.

आणि ते कोडं, ब्रेनरपार तुम्ही सांगा आता, मी फार बोललो.

---

ब्रेनरपार

मोडीवाचक, तुमच्यासारखा माणूस बरोबर हवा होता, आमच्या गाइडबाईंचं इंग्रजी निम्मं कळलं नाही.

हो, ते कोडं. इंदोविनेल्लो वेरोनेझे. आठव्या शतकाच्या शेवटी किंवा नवव्याच्या सुरुवातीला कोणीतरी कंटाळलेल्या लेखनिकाने एका प्रार्थनेच्या पोथीत कोपऱ्यात खरडलेल्या ओळी. पोथी स्पेनहून फिरत फिरत वेरोनात आलेली. १९२४ मध्ये ते खरडणं अभ्यासकांच्या नजरेस पडलं. भाषा धड लॅटिन नाही, धड इटालियन नाही, लॅटिनची इटालियन होताना मधेच पकडल्यासारखी. साधारण असं आहे : "बैल पुढे हाकत होता, पांढरी शेतं नांगरत होता, पांढरा नांगर धरला होता, काळं बी पेरत होता."

मी भाषांतर करून सांगितल्या सांगितल्या आई म्हणाली, "लिहिणं." एक सेकंद लागला नाही. गाइडबाई बघतच राहिल्या. बैल म्हणजे बोटं, शेत म्हणजे कातड्याचं पान, नांगर म्हणजे पिसाची लेखणी, बी म्हणजे शाई. आई म्हणे वर्गात पोरांना कोडी घालून घालून हयात गेली, हे काय अवघड आहे.

---

मोडीवाचक

काकूंना साष्टांग.

आपल्याकडे श्रवणबेळगोळला "श्रीचावुण्डराजें करवियलें" आहे, मराठीच्या अगदी जुन्या ओळींत गणतात. पण ते राजाच्या मंत्र्याने, सेनापतीने करवलेलं, मोठ्या अक्षरात, गोमटेश्वराच्या पायाशी. इथे मात्र बोलीभाषा पहिल्यांदा डोकं वर काढते ती कारकुनाच्या टाइमपासात. मला हेच जास्त आवडतं, काय करणार, स्वभाव.

---

तोरीनोकर

मी तोरीनोला (ट्यूरिन) असतो, सोळा वर्षं झाली. वेरोनाचा धागा आणि अजून साल्गारीचं नाव कोणी घेतलं नाही?

एमिलिओ साल्गारी, जन्म वेरोना १८६२. इथल्या तीन पिढ्या त्याच्या समुद्री चाच्यांच्या आणि जंगलांच्या गोष्टी वाचून मोठ्या झाल्या. संदोकान हा चाच्यांचा नायक त्याचाच, आधी वेरोनाच्याच एका वर्तमानपत्रात क्रमशः यायचा, १८८३-८४ मध्ये. आता कळलं का, १९७६ च्या टीव्ही मालिकेत संदोकान झाला होता आपला कबीर बेदी. मी भारतीय आहे म्हटलं की साठीच्या पुढचा प्रत्येक इटालियन माणूस आजही डोळे चमकवून "संदोकान!" म्हणतो, बायका तर उसासा पण टाकतात. पहिल्या वर्षी मला कळायचंच नाही की हे काय म्हणतायत.

आणि मराठी मंडळींसाठी खास. त्याची १८९५ ची एक कादंबरी सुंदरबनात घडते, ठगांची वगैरे, आणि नायक त्रेमल-नाईकचा इमानी साथीदार आहे कम्मामुरी, जो चक्क मराठा आहे! पानोपानी त्याला "मराठा" म्हणूनच हाक. आता कम्मामुरी हे नाव कुठल्या बाजूने मराठी आहे ते मला सोळा वर्षांत उमगलं नाही. पण शंभरेक वर्षांपूर्वीच्या इटालियन पोराला मराठा म्हणजे धाडसी, इमानी, वाघाशी झुंजणारा गडी हे माहीत होतं ते वेरोनाच्या या माणसामुळे, जो आयुष्यात कधी हिंदुस्थानात आलाच नाही. लायब्ररीत बसून नकाशे आणि प्रवासवर्णनं वाचून लिहायचा. स्वतःला कॅप्टन म्हणवून घ्यायचा, प्रत्यक्षात व्हेनिसच्या नौकानयन शाळेतून परीक्षा पूर्ण न करताच बाहेर पडलेला, आणि एका पत्रकाराने कॅप्टनपणावर शंका घेतली तर त्याच्याशी तलवारीने द्वंद्व खेळला. शेवट वाईट झाला, तोरीनोलाच, १९११ मध्ये आत्महत्या. प्रकाशकांनी पिळलं असं त्याने शेवटच्या चिठ्ठीत लिहिलंय.

---

जुनाखोडसाळ

कम्मामुरी!!! हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आमच्या गावात कम्मामुरे आडनाव निघेल शोधलं तर.

म्हणजे बघा, बहुधा इटलीत न आलेला इंग्रज वेरोनाची गोष्ट लिहितो आणि इटली सोडून फारसं कुठे न गेलेला इटालियन मराठ्याची गोष्ट लिहितो. कट्ट्यावरचा, सगळेच फसवतायत, तक्रार कोणाकडे करणार?

---

कट्ट्यावरचा

ठीक आहे, मान्य, मी ते ग्रंथालय बघितलं नाही, माहीतच नव्हतं. पण मग शेक्सपिअरने ती गोष्ट उचलली कुठून? वेरोनाच का?

---

तोरीनोकर

त्याच्याआधी इटालियन लोकांनीच लिहिलेली होती. विचेंझाच्या लुइजी दा पोर्तोने १५२० च्या दशकात ती वेरोनात आणली, पात्रांची नावं रोमेओ आणि जुलिएत्ता त्यानेच दिली. मग बांदेल्लोने लिहिली, तिचं फ्रेंचमध्ये झालं, त्यावरून आर्थर ब्रुकने १५६२ मध्ये इंग्रजीत लांबलचक कविता केली आणि शेक्सपिअरच्या हातात ती पडली. आणि त्याच्या किती आधी दान्तेच्या काव्यात मोन्तेक्की आणि कापेल्लेत्ती (नाटकातली रोमिओ-ज्युलिएटची घराणी) ही जोडी येते, पण प्रेमाबिमाचा संबंध नाही, राजकीय गट म्हणून, भांडून इटलीची वाट लावणारे लोक म्हणून. त्यातले कापेल्लेत्ती तर वेरोनाचे पण नव्हते, क्रेमोनाचे.

---

चिऊचीआई

खूप छान धागा!! आम्ही ऑक्टोबरमध्ये जातोय, मुलगी ५ वर्षांची आणि सासूबाई, दोघी शाकाहारी. जेवायचं काय? आणि आम्ही गाडी भाड्याने घेणार आहोत, चालेल ना?

---

शेवगा

गाडी घेऊन जुन्या गावात शिरू नका, हात जोडून सांगतो. झेडटीएल नावाचा प्रकार असतो, रहिवासी सोडून इतरांना ठरावीक वेळात गाडी आणायला बंदी, आणि पोलीस नसतो, कॅमेरा असतो. मी हॉटेल शोधत तीन वेळा त्याच कमानीतून गेलो. आठ महिन्यांनी पुण्यात घरी लिफाफे आले, तीन, वेगवेगळे, वर गाडीवाल्या कंपनीने प्रत्येक लिफाफ्यामागे माझा पत्ता कळवण्याचे पैसे वेगळे कापले. बायकोने ते तीन लिफाफे देवघराशेजारी ठेवलेत, मी काही बोललो की नुसतं बोट दाखवते.

बाहेर पार्किंगला लावा आणि चालत जा. गाव लहान आहे, अदिजे नदीच्या वळणात बसलंय.

---

ब्रेनरपार

चिऊचीआई, शाकाहारी असेल तर एकच गोष्ट लक्षात ठेवा, मेनूवर कावाल्लो किंवा स्थानिक बोलीत कावाल दिसलं की तो घोडा. पास्तिस्सादा दे कावाल हा इथला जुना प्रसिद्ध पदार्थ, वाईनमध्ये तासन् तास शिजवलेलं घोड्याचं मांस. बाबांनी चित्र बघून तेच मागवायला बोट ठेवलं होतं, थोडक्यात वाचले. आमारोने वाईनमधला लालसर रिसोत्तो मिळतो, पण त्यात मांसाचं पाणी असतं बऱ्याचदा, विचारून घ्या. बिगोली म्हणजे जाड शेवया, टोमॅटो सॉसमध्ये सांगा, लेकीला आवडतील. बटाट्याचे न्योक्की इथे सणाचं खाणं आहे, कार्निव्हलच्या शुक्रवारी न्योक्कीचा बाबा म्हणून एक दाढीवाला भलामोठा काटा घेऊन मिरवणुकीत निघतो. पोलेंता म्हणजे मक्याचं घट्ट पिठलं समजा, सासूबाईंना चालेल. आणि पांदोरो केक, तोही वेरोनाचाच, तारेच्या आकाराचा, पण अंडं असतं.

लेकीसाठी : फुटपाथ बघत चालायला सांगा! खरंच. इथला लालसर दगड ज्युरासिक काळातला आहे, अमोनाइटचे (शंखासारखा जुना समुद्री जीव) गोल गोल जीवाश्म पायाखाली दिसतात, चौकात, पायऱ्यांवर, सगळीकडे. बाबा ते मोजायला लागले होते.

तोर्रे देई लाम्बेर्ती मनोरा ८४ मीटर, लिफ्ट आहे, बाबांच्या गुडघ्यांनी आशीर्वाद दिले.

---

सुपारी_फुटकी

आणि अरेना? ऑपेरा बघितलात की नाही? मी २०१९ ला बघितला होता तिथे, आयुष्यभर पुरेल. इसवी सन ३० च्या सुमाराचं रोमन मैदान ते, बाहेरची भिंत १११७ च्या भूकंपात गेली, तिच्या चारच कमानी उभ्या आहेत, पण आतल्या पायऱ्या शाबूत. १९१३ मध्ये संगीतकार वेर्दीच्या जन्मशताब्दीला त्याचं आईदा केलं तिथपासून, युद्धाची वर्षं सोडली तर, दर उन्हाळ्यात ऑपेरा. प्रसिद्ध ऑपेरा गायिका मारिया कालास इटलीत पहिल्यांदा गायली ती इथेच, १९४७ ला. स्वस्तातल्या जागा म्हणजे दगडाच्या पायऱ्या, दिवसभर उन्हात तापलेल्या, रात्री नऊला बसलं तरी खालून शेक मिळतो. उशी न्या. सुरुवातीला लोक छोट्या मेणबत्त्या लावतात, ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. मग दुसऱ्या अंकात पावसाचे चार थेंब पडले तर वाजवणारे व्हायोलिन छातीशी धरून असे पळाले की बस, आपल्याकडे लग्नात मांडव गळायला लागल्यावर आचारी पळतात तसे.

---

ब्रेनरपार

आम्ही गेलो तेव्हा ऑपेराचा मोसम संपलेला. नुसतं अरेना बघितलं. बाबा सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले आणि मी खालून टाळी वाजवली तर ऐकू आली म्हणे.

अजून दोन गोष्टी राहिल्या. कास्तेलवेक्किओ किल्ल्यात कानग्रांदेचा घोड्यावरचा दगडी पुतळा आहे, चक्क दात दाखवून हसणारा. कानग्रांदे म्हणजे मोठा कुत्रा, त्याच्या पाठीवर लटकलेल्या शिरस्त्राणावर कुत्र्याचं तोंड पण आहे. कार्लो स्कार्पा नावाच्या वास्तुरचनाकाराने किल्ल्याची दुरुस्ती करताना त्याला उंच, काँक्रीटच्या फळीवर हवेत उभा केलाय, खालून, पुलावरून, जिन्यातून, प्रत्येक वेळी वेगळा दिसतो. १३२९ मध्ये त्रेविझो जिंकलं आणि चार दिवसांत गेला, वय ३८. लोक म्हणायचे थंड झऱ्याचं पाणी प्यायला म्हणून. २००४ मध्ये थडगं उघडून तपासणी केली तर आतड्यात डिजिटॅलिस निघालं, वनस्पतीचं विष. नाटकातली विषाची बाटली खोटी, ही खरी, आणि मारेकरी अजून फरार.

दुसरं म्हणजे ज्युलिएटचं थडगं. तेही खोटंच, सान फ्रान्चेस्कोच्या जुन्या मठातली लाल दगडाची रिकामी पेटी. पण तिथे गर्दी कमी, तळघर थंड, बरं वाटतं. बायरनने १८१६ मध्ये त्या पेटीचे तुकडे मुलीला आणि भाच्यांना द्यायला उचलले होते, म्हणजे मोठे कवी पण आपल्यासारखेच, गडावर गेल्यावर दगड खिशात घालणारे. आणि तिथल्या राखणदाराने १९३० च्या दशकात, लोक थडग्यावर ठेवून जायचे त्या पत्रांना ज्युलिएटच्या नावाने उत्तरं द्यायला सुरुवात केली. आता क्लब दी जुलिएत्ता म्हणून स्वयंसेवकांचं मंडळ आहे, जगभरातून पत्रं येतात, पत्ता नुसता "ज्युलिएट, वेरोना" लिहिला तरी पोचतं, आणि ही माणसं हाताने उत्तरं लिहितात. फुकट.

आईने लिहिलं पत्र. मराठीत. पाठपोट दोन पानं.

---

चिऊचीआई

अय्या!! काय लिहिलं काकूंनी??

---

ब्रेनरपार

विचारलं. म्हणाली पत्र ज्युलिएटला लिहिलंय, तुला नाही.

---

मोडीवाचक

बरोबर आहे त्यांचं. पाचशे वर्षांनी कोणीतरी कपाटावर शोधेल.

---

कट्ट्यावरचा

बरं बाबांनो, पुढच्या वर्षी परत जातो, ग्रंथालय आणि तो हसरा कुत्रा बघायला. गॅलरीच्या रांगेत मात्र उभा राहणार नाही म्हणजे नाही.

---

जुनाखोडसाळ

ब्रेनरपार, एर्बे चौकातून दान्तेकडे जाताना कमानीखाली देवमाशाची बरगडी लटकवलीये ती बघितलीत का? कधीही खोटं न बोललेला माणूस खालून गेला की ती पडणार अशी दंतकथा आहे. तुम्ही किती वेळा गेलात खालून?

---

ब्रेनरपार

सहा वेळा. बाबा सात, एकदा मुद्दाम मधोमध उभे राहिले, वर बघत. आई म्हणाली चला आता, गाडी चुकेल.